काचपेटीतील चिमुकले पाहुणे

काचेच्या पेटीत खारे पाणी भरून तीत जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद आज अनेक देशांत रूढ झाला आहे. अशा पेटीत समुद्रातील सच्छिद्र खडक ठेवतात. त्या खडकांच्या कपारींत दडून काही जीव न बोलावता घरात येतात. चिमुकले तारामासे हे त्यांपैकीच होत. तारामासा हा केवळ नावाचा मासा; त्याला ना कणा असतो, ना कल्ले. तो कंटकचर्मी संघातील प्राणी आहे.

एखाद्या सकाळी काचेवर नखाएवढी चांदणी चिकटलेली दिसते आणि हा जीव प्रवाळ तर खाणार नाही ना, अशी शंका मनात येते. प्रवाळाची वाढ फार मंद असल्यामुळे ही काळजी स्वाभाविकच होय. तथापि, शिक्षा करण्यापूर्वी पाहुण्याची ओळख पटविणे अगत्याचे असते.

प्रथम भुजा पाहाव्यात. लहानशा वाटोळ्या चकतीतून सापासारख्या बारीक, लवचिक भुजा निघाल्या असतील व त्या कपारीबाहेर वळवळत असतील, तर तो 'ब्रिटल स्टार' समजावा. उरलेसुरले अन्न व गाळ खाऊन तो पेटी स्वच्छ राखतो. एकच लांब भुजा आणि तिच्या एका टोकाशी इवल्याशा भुजांचे अंकुर, असा धूमकेतूसारखा आकार दिसल्यास तो बहुधा 'लिंकिया' होय. त्याच्या तुटलेल्या एका भुजेतूनही नवा जीव घडू शकतो.

भुजा आखूड, रुंद आणि शरीरात मिसळून गेलेल्या असतील, तर तो 'ॲस्टेरिना' या नावाने ओळखला जाणारा तारामासा होय. तो जेमतेम 1 सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या काही भुजा मोठ्या, तर काही लहान दिसतात. परंतु ती इजा नव्हे. तो स्वतःच दुभंगतो आणि प्रत्येक अर्धात उरलेल्या भुजा पुन्हा फुटतात. म्हणूनच एकाचे अनेक होण्यास फारसा अवधी लागत नाही.

यांतील बहुतेक ॲस्टेरिना काचेवरील व खडकांवरील शेवाळाचा पातळ थर खातात. काही मात्र प्रवाळही खातात. तेव्हा दोषी कोण, हे कसे ठरवावे? तारामासा मरत्या प्रवाळावर आढळला, एवढ्याने त्याचा अपराध सिद्ध होत नाही; मेलेला भाग खाण्यासाठीही तो तेथे आलेला असू शकतो. रात्री दिव्याच्या मंद प्रकाशात काही दिवस निरीक्षण करावे. तो वारंवार निरोगी प्रवाळावरच बसत असेल आणि तो हलल्यावर तेथे पांढरा, उघडा डाग उरत असेल, तर मात्र त्याला चिमट्याने उचलून बाहेर काढावे.

काही लोक तारामासे खाणारी हार्लेक्विन कोळंबी पेटीत सोडतात. परंतु ती दोषी व निर्दोष असा भेद करीत नाही. हौसेने आणलेला मोठा तारामासाही ती खाते. शिवाय सारे तारामासे संपले, की तिच्यावरच उपासमारीची पाळी येते. चार रात्रींच्या निरीक्षणाने जे काम साधते, त्यासाठी इतक्या जीवांची हानी कशाला करावी?