अत्ताराचे दुकान आणि मालाची पारख

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. थान समोर आले की हात आपोआप त्यावर फिरतो, चिमटीत पोत कळतो, आणि शंका आली तर टोकाचा एक धागा ओढून त्याला काडी लावून पाहतो. सूत असेल तर कागद जळाल्यासारखा वास येतो व राख उरते. पॉलिस्टर असेल तर टोकाला कडक गोळी बनते. दलाल कितीही जवळचा असला तरी ही परीक्षा आम्ही चुकवत नाही आणि तोही त्याचे वाईट वाटून घेत नाही. परंतु हाच व्यापारी संध्याकाळी दुकान बंद करून अत्ताराकडे जातो, कागदात बांधलेली भुकटी काही न विचारता उचलतो आणि घरच्या माणसांना पाण्याबरोबर देतो. ही गोष्ट माझ्या ध्यानात पन्नाशी उलटल्यावर आली, तीही फटका बसल्यावर. म्हणून आज व्यापाराच्या पानावर औषधांविषयी लिहीत आहे. मी हकीम नाही, डॉक्टरही नाही. मालाकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर काय दिसते, एवढेच सांगायचे आहे.

आमच्या मालेगावच्या पेढीवर हिशेब लिहिणारे मुनीम चाचा आहेत. वर्षानुवर्षे गादीवर बसून त्यांचे गुडघे धरले होते. वसुलीसाठी मी दुसऱ्या गावी गेलो असता तेथील एका दुकानात 'जोड़ों के दर्द का सफूफ' मिळतो असे ऐकले. पुड्या आणल्या. चाचांनी तिसऱ्या दिवशी कठडा न धरता जिना चढून दाखवला! मी इतका खूश झालो की पुढच्या खेपेला साठ पुड्या आणल्या आणि घाऊक भावही विचारून ठेवला. दोन-चार ओळखीच्या व्यापाऱ्यांना माल पुरवावा असा विचार मनात आला होता, हे कबूल करतो. दुकानदाराकडे बिल मागितले तर तो हसून म्हणाला, "अपने लोगों में बिल कैसा, सेठ?" मीही हसलो.

सात-आठ महिन्यांत चाचांचा चेहरा गोल व सुजल्यासारखा झाला. भूक वाढली. हाताला जरा कशाचा धक्का लागला की काळे-निळे डाग उठू लागले. आम्ही समजलो, तब्येत सुधारते आहे. एके दिवशी चक्कर येऊन पडले तेव्हा तपासणीत साखर भलतीच वाढलेली निघाली. त्याआधी त्यांना मधुमेह नव्हता. डॉक्टरांनी काय-काय खाता म्हणून विचारले, पुडी पाहिली आणि म्हणाले की प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पुडीविषयी खात्रीने बोलता येणार नाही, परंतु अंगावरची सगळी लक्षणे स्टेरॉईडची आहेत.

मी त्याच दिवशी उरलेला माल गटारात टाकणार होतो. डॉक्टरांनी थांबवले. स्टेरॉईड बरेच दिवस पोटात जात राहिले की शरीरातील ग्रंथी स्वतःचे काम सोडून देते. मग ते एकाएकी बंद केले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. म्हणून चाचांना आधी मोजून मापून स्टेरॉईडची गोळी दिली आणि आठवड्या-आठवड्याने कमी करत आणली. वाचक बंधूंनो, तुमच्या घरात अशी पुडी चालू असेल तर घाबरून ती मनाने बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि काही न लपवता सांगा.

यातील व्यापार साधा आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन या गोळ्या स्वस्त असतात. त्या कुटून सुंठ-असगंधाच्या भुकटीत मिसळल्या की दहा वर्षांचा गुडघा दोन दिवसांत हलका होतो आणि गिऱ्हाईक बांधले जाते. असल्या भेसळीचे नमुने देशात वेळोवेळी पकडले गेले आहेत. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या पुडीत हा प्रकार जास्त, कारण आराम लगेच दिसतो. जडीबुटी आपल्या चालीने चालते. जुन्या दुखण्यावर जी पुडी तिसऱ्या दिवशी चमत्कार करते, तिच्यावर आपण खूश होतो. खरे तर तेथेच धागा जाळून पाहायला हवा.

आता कोणी म्हणेल, हे गृहस्थ तिब्बच्या विरोधात बोलू लागले. तसे मुळीच नाही. आमच्या वालिदांच्या कपाटात जोशांद्याचा डबा कायम असे आणि माझ्याकडेही आहे. जडीबुटीत दम नाही असे म्हणणाऱ्याने असरौलची हकीकत पाहावी. मराठीत आपण तिला सर्पगंधा म्हणतो. हकीम अजमल खान यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनाला जागा करून दिली. तेथे सलीमुज्जमां सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली या मुळातून एक सत्त्व वेगळे काढले आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन असे नाव दिले. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली याच मुळातून स्वित्झर्लंडच्या कंपनीने रिसर्पिन काढले. तेच रिसर्पिन जास्त मात्रेत गेले तर माणसाचे मन खचते, उदासी येते, हेही लवकरच दिसून आले. म्हणजे मुळात ताकद आहे, आणि म्हणूनच ते मोजून घ्यावे लागते. 'जडीबुटी आहे, नुकसान काहीच नाही' हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे त्याला एक तर मालाची माहिती नाही किंवा माल खपवायचा आहे.

घरच्या कपाटात काय ठेवावे? माझ्या मते पहिला नंबर इसबगोलचा. हा शब्द फारसी, अस्प म्हणजे घोडा. दाण्याचा आकार घोड्याच्या कानासारखा म्हणून हे नाव पडले. उत्तर गुजरात व राजस्थानात हे थंडीचे पीक होते आणि उंझ्याची बाजारपेठ त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. कापणीच्या वेळी पावसाची एक सर आली तरी दाणे झडून शेतकरी बसतो, आणि भाव वर जातो. भुसी ८५, ९५, ९८, ९९ अशा शुद्धतेच्या टक्क्यांवर विकली जाते. आपल्याकडे सुताचा काउंट असतो तसेच. मोठा माल परदेशी जातो, अमेरिका त्याचे मोठे गिऱ्हाईक. तेथील औषध खात्याने १९९८ साली या भुसीच्या डब्यावर हृदयरोगाचा धोका कमी होण्यास मदत होते असे छापण्याची परवानगी दिली, कारण तिने कोलेस्टेरॉल उतरते याचे पुरावे होते. आपण मात्र तिला फक्त बद्धकोष्ठाची दवा समजतो. दुकानात दिवसभर बसून राहणाऱ्या आम्हा लोकांना तेवढे कामही थोडे नाही म्हणा! रात्री एक-दोन चहाचे चमचे भरलेल्या पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यावी आणि वर आणखी पाणी प्यावे. कोरडी फाकली किंवा पाणी कमी पडले तर ती गळ्यात फुगून अडकते. ज्याला गिळायला त्रास आहे किंवा ज्याचे पोट एकदम बंद होऊन दुखते आहे त्याने घेऊ नये. दुसऱ्या गोळ्या आणि भुसी यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळीही भुसीत गुंडाळून निघून जाते.

याच कपाटातली सना, म्हणजे सोनामुखी. नाव सना मक्की असले तरी जगाच्या बाजारात तामिळनाडूच्या तिरुनेलवेलीची पाने नावाजलेली आहेत. पोट साफ करते हे खरे, परंतु ती आतड्याला चाबूक मारून चालवते. चार-आठ दिवसांच्या वर रोज घेणे चांगले नाही. 'पेट सफा' नावाची कोणतीही भुकटी घेताना सना आहे काय ते पाहावे, बहुधा असतेच.

जोशांद्यात उन्नाब, सपिस्तां म्हणजे आपले भोकर, बेहदाना, खत्मी, बनफशा आणि मुलेठी असते. गळ्याला त्याने खरोखर आराम पडतो. पण मुलेठी म्हणजे जेष्ठमध रोज खाल्ले तर रक्तदाब वाढतो व शरीरातील पोटॅशियम घटते. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी हिवाळाभर जोशांदा ढोसू नये. मधाचेही तसेच. खोकल्याला चांगला, परंतु एक वर्षाच्या आतील बाळाला चाटवू नये, त्यातील जंतूंनी बाळाला लुळेपणा येऊ शकतो. मुळात बाटलीत मध आहे काय हाच पहिला सवाल. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२० साली नावाजलेल्या कंपन्यांच्या मधात साखरेचा पाक सापडल्याचे जाहीर केले होते, मग हातगाडीवरच्या मधाचे काय सांगावे?

येथे यंत्रमागवाल्या बांधवांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपले कारागीर खोकला झाला की जोशांदा पितात आणि पुन्हा साच्यावर उभे राहतात. सुताच्या धुळीने छाती आवळते, तिला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सूतगिरणीच्या ब्लोरूम व कार्डिंगमध्ये तिचा जोर जास्त. पण माग चालतात तेथेही धूळ असतेच. विलायतेत रविवारची सुट्टी संपून गिरणी सुरू झाली की हा त्रास होई, म्हणून तेथे त्याला सोमवारचा ताप म्हणत. आमच्याकडे शुक्रवारी साचे बंद असतात, तेव्हा शनिवारी कोणाची छाती भरते ते मालकाने पाहावे. ही धूळ जोशांद्याने निघत नाही. तोंडावर चांगला मास्क, हवा बाहेर फेकणारा पंखा आणि झाडू मारण्याआधी पाण्याचा शिडकावा, हा त्याचा नुस्खा आहे. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

कलौंजीविषयी सर्वांची श्रद्धा आहे आणि माझीही आहे. तेवढ्यासाठीच त्या श्रद्धेवर पोट भरणाऱ्या बाटल्यांचा राग येतो. हिशेब करून पाहा. घाण्यावर एक किलो दाण्यातून पाव ते एक-तृतीयांश किलो तेल निघते. म्हणजे एक किलो तेलाला तीन-चार किलो दाणे लागले. घाण्याची मजुरी, बाटली, दुकानदाराचा नफा वेगळा. तेल जर दोन किलो दाण्याच्या भावात मिळत असेल तर उरलेले काय आहे ते बाटली भरणाऱ्यालाच ठाऊक. दाणे घेतानाही पाहावे, कांद्याचे बी कलौंजी म्हणून खपते. दोन्ही काळे. कलौंजी चुरडली की ओव्यासारखा तिखट वास येतो, कांद्याच्या बीला तो नसतो.

माल ओळखण्यात चूक झाली तर काय होते, ते गुळवेलीच्या वेळी दिसले. कोरोनाच्या काळात घरोघर तिचे काढे उकळले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे तपासले नाही असे त्यांचे म्हणणे होते. वाद त्यांचा त्यांना. गिऱ्हाईक म्हणून मला एवढेच कळले की दारात वेल आणून देणाऱ्यालाही आपण काय तोडून आणले ते माहीत असेलच असे नाही.

कुश्त्याविषयी फार लिहीत नाही. तो धातूंचा मामला आहे. अमेरिकेत बोस्टनच्या आसपास देशी दुकानांत मिळणारी ७० आयुर्वेदिक औषधे तपासली तेव्हा १४ मध्ये शिसे, पारा किंवा संखिया निघाला, हा अहवाल २००४ साली छापला गेला. युनानी कुश्ते त्याच जातीचे. ताकदीसाठी म्हणून कोणी कुश्ता देत असेल तर नम्रपणे नकार द्यावा.

आता दुकानदार बांधवांसाठी दोन शब्द. युनानी औषध तयार करून विकायला परवाना लागतो. विकणाऱ्या दुकानाला केंद्राच्या कायद्यात वेगळा औषध-परवाना नाही, म्हणून किराणावालेही माल ठेवतात. परंतु बिनपरवान्याचा किंवा भेसळीचा माल विकणे हा विकणाऱ्याचाही गुन्हा आहे, 'मी तर फक्त ठेवला होता' हे चालत नाही. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. दुकानाच्या काचेवर चिकटवलेला कागद हीसुद्धा जाहिरातच. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, मुदत आणि आतील जिनसांची नावे पाहावीत. हमदर्द १९०६ साली दिल्लीत एका हकीमाच्या छोट्या दुकानातून निघाले. नुस्खे तर गल्लोगल्ली होते. त्यांनी मालावर आपले नाव टाकले आणि दरवेळी तोच माल दिला.

मुनीम चाचांचा चेहरा उतरला आहे, साखर अद्याप गोळीवर आहे. गुडघे पूर्वीइतकेच दुखतात. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आणि गादीऐवजी खुर्ची, एवढ्यावर चालले आहे. उरलेल्या पुड्या मी एका पाकिटात बंद करून ठेवल्या होत्या. अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत तक्रार देताना पहिला प्रश्न आला, "खरेदीचे बिल आहे का?"