डावीकडची पट्टी

अपील सगळ्यांत वर. त्याखाली दावा, मग ग्रामसभा, मोजणी, पुरावे आणि तळाला समिती. जून २०२० मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत आम्ही वनहक्क मार्गदर्शिकेची वेबसाइट पहिल्यांदा उघडली, तेव्हा डावीकडच्या पट्टीत हा असा संसार मांडलेला दिसला. वनहक्क कायद्याची वाट याच्या जवळजवळ उलटी. आधी गावाने वनहक्क समिती निवडायची, मग दावे, पुरावे, जागेची पाहणी, ग्रामसभेचा ठराव. आणि कुठेच जमलं नाही तर अपील. माझ्या खांद्यावरून बघणारे आमचे निवृत्त तलाठीकाका म्हणाले, "बाबू, हे तं तेराव्यापासून बारशाकडे चाललं."

चूक माझीच होती. साध्या मजकुराच्या फायली दिल्या की त्यांची वेबसाइट बांधून देणारं एमकेडॉक्स नावाचं फुकटचं साधन मी वापरत होतो. पट्टीत काय कशाखाली यावं हे त्याला वेगळं लिहून दिलं नाही, तर ते फायलींची नावं वर्णक्रमाने लावून मोकळं होतं. नावं मी रोमनमध्ये दिलेली. त्यामुळे अपील ए-वरून पहिलं आणि समिती बिचारी एस-वरून शेवटी.

परवा या वेबसाइटच्या बदलांची नोंद पहिल्यापासून वाचत बसलो होतो. प्रत्येक बदल तारखेसह जपून ठेवायची गिट या साधनाची सवय चांगली, पण माणसाला लाजवणारी. चार वर्षांत मजकुरापेक्षा पट्टीचीच उलथापालथ जास्त झालेली दिसते.

काम सुरू झालं ते टाळेबंदीत. पुण्याची नोकरी राजुऱ्यातून चालू होती आणि संध्याकाळी हाताला काही नव्हतं. जिवतीच्या पहाडावर वनहक्क समितीचं काम करणाऱ्या एका ताईंचे फोन काकांना सारखे येत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश दिला होता आणि २८ फेब्रुवारीला तो थांबवला होता. मधल्या पंधरा दिवसांची धास्ती वर्षभरानेही पहाडावरून उतरली नव्हती. त्यात १८ मे २०२० ला राज्यपालांची अधिसूचना निघाली : अनुसूचित क्षेत्रात जिल्हास्तरीय समितीच्या निकालावर आता विभागीय समितीकडे दाद मागता येईल. तेच तेच फोनवर किती जणांना सांगणार? काका बोलत गेले, मी टंकत गेलो.

वर्णक्रमाची फजिती झाल्यावर मी क्रम हाताने लिहून दिला. ही यादी लिहिण्याची फाइल मोठी सोवळ्याची असते. कोण कोणाच्या पोटात हे तिला फक्त ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरून कळतं. एक जागा कमी पडली तर लेक आईच्या शेजारी येऊन बसते, नाहीतर अख्खी वेबसाइटच उभी राहात नाही. दोन रात्री त्यात गेल्या, पण पट्टी कायद्यासारखी शिस्तीत उभी राहिली. प्रकरण एक, प्रकरण दोन. मी खूश होतो.

ती खुशी गडचांदूरच्या एका चहाच्या टपरीवर उतरली. २०२१ च्या फेब्रुवारीत ताईंसोबत तिथे बसलो होतो. पहाडावरून आलेला एक मुलगा, विशीतला, आमचं पान मोबाइलवर उघडून आजोबांना वाचून दाखवत होता. काचेला तडा गेलेला, तड्याच्या खालून वरून अंगठा फिरत होता. पान शेवटापर्यंत वाचलं. मग त्याने मान वर केली आणि विचारलं, "मंग पुढं?" पुढचं सगळं पट्टीत होतं. पण मोबाइलवर ती पट्टी तीन आडव्या रेघांच्या मागे लपलेली असते, आणि त्या रेघा म्हणजे दार आहे हे त्याला कोण सांगणार? मी सांगितलं. त्याने दाबलं, यादी सरकून आली, आणि पहिलाच शब्द वाचून तो थबकला. 'वैयक्तिक वनहक्क.' आजोबा म्हणाले, "आपलं जबरानजोतीचं हाय."

त्या रात्री राजुऱ्याला परतताना मी गप्प होतो. सरकार ज्याला अतिक्रमण म्हणतं आणि कायदा ज्याला वैयक्तिक वनहक्क, त्याला आपल्या चंद्रपूर-गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत जबरानजोत म्हणतात. निवडणुकीच्या भाषणात हाच शब्द, मोर्चाच्या फलकावर हाच. आमच्या पट्टीत तेवढा तो नव्हता. दुसऱ्या दिवशीची नोंद आहे : 'जबरानजोतीचा पट्टा'. आणि यादी रेघांमागून काढून पहिल्या पानावरच मांडली.

शब्दांच्या बाबतीत उलटी ठेचही लागली. मराठी विकिपीडियाची पट्टी मला फार आवडायची. १ मे २००३ ला सुरू झालेल्या त्या प्रकल्पात चर्चेच्या पानाला 'चावडी' आणि सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणणारी माणसं होती, याचं मला कौतुक वाटतं. मी चावडी उचलली आणि प्रश्न विचारायच्या पानाला लावली. लोक तिथे येऊन फेरफाराची नोटीस शोधायला लागले. बरोबरच होतं. गावात चावडी म्हणजे तलाठ्याची, आणि महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' म्हणजे फेरफाराच्या नोटिशींचा फलक. काका तर माजी तलाठी, त्यांना हे आधीच कळायला हवं होतं. पण त्यांना तो शब्द आपल्या मानाचा वाटला असावा. तीन महिन्यांनी चावडीच्या जागी 'विचारा' आलं.

पण सगळ्यांत मोठी चूक 'पुरावे' या मथळ्याच्या पोटात होती, आणि ती वर्षभर कोणाच्या लक्षात आली नाही.

सामूहिक वनहक्काचं नाव निघालं की आपल्याकडे मेंढा-लेखाचं नाव निघतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. साहजिकच आमची पुराव्यांची यादी तिकडच्या अनुभवावरून बेतलेली. तिच्यात पहिलं नाव निस्तार पत्रकाचं. एके दिवशी ताई म्हणाल्या, "दादा, हा कागद आमच्याकडे एकाही गावात सापडत नाही. हरवला असंल का?" चार गावांनी अर्ज केले होते, चकरा मारल्या होत्या. काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, आपण निजामात होतो ना!"

मध्य प्रांतातली मालगुजारी १९५१ मध्ये गेली, त्यानंतर गावकऱ्यांचं सरपण, चराई, वाटा, मसणवटा यांच्या नोंदी निस्तार पत्रकात लिहिल्या गेल्या. ब्रह्मपुरी, चिमूर, गडचिरोली या सगळ्या बाजूला तो कागद मिळतो. राजुरा तेव्हा हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला, आधी नांदेडला जोडला आणि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. आजचे कोरपना आणि जिवती तालुके म्हणजे त्याच जुन्या राजुऱ्याचे तुकडे. जो कागद इथे कधी झालाच नाही, तो आम्ही पट्टीत पहिल्या नंबरावर लावून माणसांना शोधायला पाठवत होतो. वर्धा नदीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच पट्टी चालणार नाही, हे आम्हाला राजुऱ्यात बसून कळलं नाही, याला काय म्हणावं?

मग इकडे काय मिळतं? एका म्हाताऱ्या बाईंनी बियाण्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून दिला. घड्या पडून चार तुकडे व्हायला आलेला, तपकिरी, उर्दूतला. गावच्या पाहणीत सासऱ्यांच्या वडिलांचं नाव असल्याचं घरात सांगत आलेले. वाचता कोणालाच येत नव्हतं. राजुऱ्यातल्या एका जुन्या मास्तरांकडून वाचून घेतला. नाव होतं. कोपऱ्यात साल होतं १३४२. बाईंचा नातू चमकला, "सातशे वर्षांचा?" काका हसले. फसली साल ते. ढोबळ हिशोबाने ५९० मिळवायचे : १९३२.

आता गंमत बघा. या बाईंसारख्या आदिवासी नसलेल्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं दाखवावी लागतात, म्हणजे १९३०. कागद दोन वर्षांनी हुकला. पण नियमांत एकाहून जास्त पुरावे मागितले आहेत आणि गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. कागद आणि जबाब दोन्ही जोडून दावा गेला. मराठवाड्यातून दुष्काळात पहाडावर येऊन वसलेल्यांना मात्र ही ७५ वर्षं कुठूनच आणता येत नाहीत. त्यांच्यासाठी पट्टीत कोणतं पान लावायचं हे आम्हाला आजही नीटसं सुचलेलं नाही.

या कागदानंतर 'पुरावे' हा मथळाच मोडला. त्याजागी प्रश्न आला : 'तुमच्या हातात काय आहे?' पोटात चार ओळी. उर्दूतला कागद. वनखात्याच्या दंडाची पावती. नामंजुरीचं पत्र. काहीच नाही. दंडाची पावती लोक लाजून लपवून ठेवत. तुम्ही तेव्हा तिथे जमीन कसत होता हे सरकारनेच लिहून दिलंय, असं सांगितलं की चेहरे बघण्यासारखे होत.

तांत्रिक भानगडींपैकी एकच सांगतो, बाकीच्या सोडून देतो. पानातल्या प्रत्येक मथळ्याला हे साधन आपोआप पत्ता देतं, पण मूळ घडणीत ते देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. उरतो नुसता अंडरस्कोर आणि आकडा. 'अंडरस्कोर तीन' हा पत्ता व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरला. मी वर एक मथळा नवा घातला आणि सगळे जण एक घर मागे जाऊन पडले. जबाबाचा नमुना मागणाऱ्यांना मोजणीची माहिती मिळू लागली. युनिकोडचा पर्याय एका ओळीचा होता. तो सापडायला आठवडा लागला, आणि तोवर फोन काकांना.

२०२३ मध्ये शेवटचा मोठा बदल केला. आमच्याकडे येणाऱ्यांत समिती कशी निवडायची हे विचारणारे थोडे. बहुतेकांच्या हातात नामंजुरीचं पत्र. उपविभागीय समितीच्या निकालावर अपिलाला निकालापासून ६० दिवस, आणि पत्र मिळेपर्यंत त्यातले किती गेले याची खात्री नाही. गाव अनुसूचित क्षेत्रात असेल तर वाट एक, नसेल तर दुसरी. त्यांना सहा मथळे उतरायला लावण्यात अर्थ नव्हता. मी 'दावा नामंजूर झाला?' ही ओळ उचलून सगळ्यांत वर नेली. काकांनी चष्मा सावरला आणि पट्टी वरून खाली वाचली. "तेरावं परत पहिलं?" मी काही बोललो नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिवतीकडच्या एका गावात गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात आमची पट्टी ए-चार कागदावर छापून खळीने चिकटवलेली. नेटवर्क नसतं, म्हणून कोणीतरी केलेलं. ओळींसमोर पेनाने गावातल्या माणसांची नावं लिहिली होती : या कामाला हा, त्या कामाला ती. आणि छापील यादी संपल्यावर खाली निळ्या शाईत, आमच्यात नसलेली एक ओळ : 'साहेब सुट्टीवर असले तं कोठी जायाचं?'

त्या नावाची फाइल मी तिथेच उभ्या उभ्या उघडून ठेवली. अजून रिकामी आहे.