पायांच्या फुगलेल्या शिरा : कारणे, काळजी व उपचार

सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत प्राथमिक शिक्षकाचा बराचसा वेळ उभ्याने जातो. पिंपळीसारख्या गावात हीच स्थिती दुकानदाराची, पिठाच्या गिरणीवाल्याची आणि हंगामात ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांचीही असते. यांपैकी काहींच्या पोटरीवर निळसर, नागमोडी, दोरीसारख्या शिरा उठून दिसतात. प्रारंभी त्यांचा त्रास नसतो, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे घोट्यापाशी न भरणारी जखम होते, तेव्हा मात्र पुष्कळ काळ हातचा गेलेला असतो. या व्याधीस ‘अपस्फीत नीला’ असे शास्त्रीय नाव असून व्यवहारात ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

शिरा का फुगतात?

हृदयाकडून रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिन्या त्या रोहिणी व परत आणणाऱ्या त्या नीला, हे विद्यार्थ्यांस ठाऊक असतेच. पायांतील रक्ताला परतताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढावे लागते. या कामी दोन गोष्टी साहाय्य करतात. पहिली, पोटरीचे स्नायू. चालताना ते आवळले की आतील नीला दाबल्या जाऊन रक्त वर ढकलले जाते. दुसरी, नीलांच्या आतील झडपा. त्या केवळ हृदयाच्या दिशेने उघडतात व चढलेले रक्त खाली येऊ देत नाहीत.

बारामती-इंदापूरच्या बागायती भागात विहिरीवरील पंपाच्या नळीच्या तळाशी फूटव्हॉल्व्ह बसवितात, हे मुलांनी पाहिलेले असते. तो गळका झाला की नळीतील पाणी विहिरीत परत जाते. नीलांच्या झडपा सैल पडल्या म्हणजे असेच घडते. रक्त मागे उतरते, त्याच्या भाराने शीर ताणली जाते. शीर ताणली की झडपेची पाने अधिकच दूर होतात आणि दोष खालच्या झडपेपर्यंत पसरतो. माणूस स्तब्ध उभा असताना घोट्याजवळील नीलांतील दाब पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटर असतो. निरोगी पायात चालू लागताच तो 30 च्या आसपास येतो. म्हणूनच चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे अधिक अपायकारक ठरते.

आनुवंशिकता, वाढते वय, गरोदरपण व लठ्ठपणा ही या व्याधीची प्रमुख कारणे होत. दीर्घकाळ उभे राहण्याने त्यांत भर पडते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

झडपांचे वर्णन इटलीतील फॅब्रिसियस याने 1603 मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने 1628 च्या आपल्या ग्रंथात त्यांचे कार्य स्पष्ट केले. त्याचा प्रयोग वर्गातही करता येतो. हात थोडा वेळ खाली सोडून ठेवावा, म्हणजे शिरा उठून दिसतील. मनगटापासून कोपराकडे जाणारी एक ठळक शीर निवडून तिच्यावर एक बोट दाबून धरावे. दुसऱ्या बोटाने त्या शिरेतील रक्त कोपराकडे सारून ते बोट उचलावे. मधला भाग झडपेपर्यंत रिकामाच राहतो. पहिले बोट उचलताच तो खालून भरून येतो. रक्ताचा मार्ग एकेरी आहे, हे मुलांना यातून पुस्तकापेक्षा लवकर उमजते.

लक्षणे व धोके

सायंकाळी पाय जड होणे, घोटे सुजणे, रात्री पोटरीत गोळा येणे व खाज सुटणे ही आरंभीची लक्षणे होत. पुढे घोट्यावरील कातडी काळवंडते व कठीण होते. लहानशा ओरखड्याचेही व्रणात रूपांतर होते. अशा व्रणावर चुना, राख किंवा झाडपाला लावणे अथवा डाग देणे सर्वथा टाळावे.

फुगलेली शीर फुटल्यास रक्त वेगाने वाहते. अशा वेळी रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावा व स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. मांडीला दोरी आवळू नये. एकच पाय एकाएकी सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. तो पाय न चोळता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

उपचार

प्रथम डॉप्लर सोनोग्राफीने कोणती झडप निकामी आहे ते पाहतात. दाबमोज्यांनी सूज व जडपणा कमी होतो, परंतु बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. मोजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी चढवावेत व रात्री काढावेत. मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी ते वैद्यांच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत, कारण रोहिणीतील प्रवाह आधीच क्षीण असल्यास दाबाने अपाय होतो.

जर्मन शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदोष शीर बांधण्याची शस्त्रक्रिया प्रचारात आणली. पुढे ती शीर ओढून काढण्याची पद्धत रूढ झाली. आता लेसर अथवा रेडिओलहरींच्या उष्णतेने शीर आतूनच बंद करतात. जागा बधिर करून हे काम होते व रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. फेसाळ औषधाचे इंजेक्शन हा आणखी एक मार्ग आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने 2013 मध्ये उष्णतेच्या उपचारास पहिली पसंती दिली. व्रण झालेल्या रुग्णांवर हा उपचार लवकर केल्यास व्रण लवकर भरतात, असे तेथील 2018 च्या चाचणीत दिसून आले.

शीर बंद केल्यास रक्त कोठून जाईल, अशी शंका अनेकांना येते. पायातील सुमारे 90 टक्के रक्त खोल नीलांतून परतते. म्हणून वरची निकामी शीर गेल्याने हानी होत नाही. काहींना मात्र कालांतराने नव्या शिरा फुगतात.

शिक्षकांचे कर्तव्य

शिकविताना वर्गात फिरते राहावे, मधूनमधून टाचा उचलाव्यात, मधल्या सुट्टीत बसावे व रात्री पायांखाली उशी घ्यावी. बसावयास मिळणे ही चैन नव्हे. केरळने 2018 मध्ये व तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले, ते याच जाणिवेतून.

पालकसभेत हा विषय अवश्य काढावा. गावातील स्त्री पायाची जखम लुगड्याच्या काठाखाली झाकते आणि कामाला जाते. तिला प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. तालुक्यात सोय असता केवळ माहितीच्या अभावी एखादीने वर्षानुवर्षे व्रण वागवावा, हे गावात शाळा असताना घडू नये.