शिक्षक व्हायचंय, पण पैसे किती लागतील?

आज आपण कोलकात्यातल्या एका मराठी घराचा हिशोब मांडणार आहोत. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला असा नाहीतर हैदराबादला, आकडे थोडे बदलतील, पण रीत हीच राहील.

कोलकात्याच्या बऊबाजारात, सोन्याच्या पेठेत, सांगली जिल्ह्यातले गलाईवाले भेटतात. विटा, खानापूर, आटपाडी या भागातली ही माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेली. समजा, अशाच एका घरातली मुलगी बारावी झाली. तिला शिक्षिका व्हायचंय. वडील एवढंच विचारतात, "किती लागतील?" शेजारचे सांगतात, बी.एड. कर. एक दलाल सांगतो, हजेरी लावायची गरज नाही, पैसे भरा, डिग्री घ्या. आता या मुलीनं करायचं काय?

पहिली गोष्ट. पैशाचा प्रश्न नंतर. आधी हे ठरवायचं, की कोणत्या वर्गाला शिकवायचं? आपल्याकडे शिक्षकाचं लायसन्स म्हणून एकच कार्ड मिळत नाही. शिक्षण, मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि पात्रता परीक्षा हे सगळं त्या वर्गाच्या नियमात बसलं, तर तुम्ही पात्र. हे किमान नियम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एन.सी.टी.ई. ठरवते.

पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. सहावी ते आठवीसाठी साधारणपणे पदवी आणि बी.एड. किंवा पदवी आणि डी.एल.एड. या आठही वर्गांना टी.ई.टी. लागते. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड.

इथेच अनेकांचे पैसे वाया जातात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता नाही. म्हणजे ज्याला लहान मुलांनाच शिकवायचंय, त्यानं तीन वर्षं पदवी आणि दोन वर्षं बी.एड. केलं, तरी पहिलीच्या वर्गाचं दार बंदच. मोठी डिग्री म्हणजे जास्त पात्रता, असं इथे चालत नाही.

आता आपल्या मुलीचा रस्ता बघू. तीन रस्ते आहेत.

पहिला, पायरी-पायरीचा. बारावीला किमान ५० टक्के असतील तर डी.एल.एड.साठी आधी सरकारी संस्थेत प्रयत्न करायचा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, ही अशीच सरकारी संस्था. तिथली फी खासगीपेक्षा खूप कमी असते. दोन वर्षांत ती प्राथमिक शिक्षिका व्हायला तयार. मग एखाद्या शाळेत काम करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची. पुढे बी.एड. हवं असेल तर तेही दूरशिक्षणानं होतं. मात्र एक अट नीट ऐका. दूरशिक्षणाचं बी.एड. सगळ्यांसाठी नाही. सेवेत असलेले प्रशिक्षित प्राथमिक शिक्षक, किंवा आधीच एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-अभ्यासक्रम नियमित वर्गात बसून पूर्ण केलेले, यांच्यासाठीच ते आहे. म्हणजे आधी केलेलं डी.एल.एड. इथे दुसऱ्यांदा कामाला येतं. इग्नूचं असं बी.एड. दोन वर्षांचं, फी साधारण ५५ हजार रुपये. हा रस्ता लांब आहे, पण मधेच कमाई सुरू होते. हातावर पोट असलेल्या घराला हे फार महत्त्वाचं.

दुसरा रस्ता, चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा. बारावीनंतर बी.ए. आणि बी.एड. किंवा बी.एस्सी. आणि बी.एड. एकत्र. तीन अधिक दोन अशी पाच वर्षं लागतात, त्यातलं एक वर्ष वाचतं. एक वर्ष वाचलं म्हणजे एका वर्षाची फी, राहण्याचा खर्च, सगळंच वाचलं. त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा असते. प्रादेशिक शिक्षण संस्थांमध्ये असे अभ्यासक्रम आहेत. पश्चिम बंगालसाठी भुवनेश्वरची संस्था, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी भोपाळची. आपण कोणत्या राज्यात राहतो ते इथे बघावं लागतं.

तिसरा रस्ता, पदवीनंतर नियमित बी.एड. कोलकात्यात डेव्हिड हेअर ट्रेनिंग कॉलेज आहे, आणि अलीपूरच्या हेस्टिंग्ज हाऊसमध्ये महिलांसाठी शिक्षणसंस्था आहे. दोन्ही सरकारी. अर्ज करताना आधी अशा संस्था, मग अनुदानित, आणि शेवटी खासगी, हा क्रम ठेवा.

आता त्या दलालाकडे वळू. "नॉन-अटेंडिंग" बी.एड. नावाची गोष्ट नियमात नाही. नियमित बी.एड.ला वर्गात ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला ९० टक्के हजेरी लागते. हजेरीशिवाय मिळालेला कागद स्वस्त वाटतो, पण पडताळणीत अडकला तर सगळे पैसे बुडाले. म्हणून फी भरण्याआधी एन.सी.टी.ई.च्या संकेतस्थळावर तीन गोष्टी तपासा: कॉलेजचं नाव, तोच अभ्यासक्रम, आणि मंजूर जागा किती. कॉलेजच्या भिंतीवरचं प्रमाणपत्र बघून समाधान मानू नका.

पुढचा टप्पा पात्रता परीक्षेचा. प्रत्येक राज्याची टी.ई.टी. असते आणि केंद्राची सी.टी.ई.टी. बंगालच्या प्राथमिक टी.ई.टी.मध्ये मराठी भाषेचा पर्याय नाही. सी.टी.ई.टी.च्या २० भाषांमध्ये मात्र मराठी आहे, बंगालीही आहे. आपली मुलगी पहिली भाषा मराठी आणि दुसरी इंग्रजी घेऊ शकते. प्रश्न १५०, वेळ अडीच तास, आणि पास व्हायला ६० टक्के म्हणजे ९० गुण. खुल्या गटाला एका पेपरची फी १,००० रुपये. केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयांसाठी ही परीक्षा चालते. प्रमाणपत्र आता आयुष्यभर वैध असतं. म्हणून परराज्यात वाढलेल्या मराठी मुलांनी ही परीक्षा सोडू नये. पण बंगालच्या सरकारी शाळेत शिकवायचं, तर त्या शाळेचं माध्यम नीट यायलाच हवं. तिथे भाषेला पर्याय नाही.

टी.ई.टी. नंतर बघू, असंही म्हणू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही ती लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्यांना दोन वर्षांची मुदत दिली. त्या खटल्यात महाराष्ट्र सरकारही पक्षकार होतं.

पैसे कमी पडले तर? पश्चिम बंगाल सरकारची स्टुडंट क्रेडिट कार्ड योजना २०२१ पासून आहे. १० लाखांपर्यंत कर्ज, ४ टक्के सरळव्याजानं. अट अशी, की राज्यात किमान दहा वर्षं राहिलेलं असावं. मातृभाषा मराठी आहे म्हणून अडत नाही. गलाईवाल्यांच्या दुसऱ्या पिढीला हे सहज जमतं, फक्त राहण्याचे पुरावे जपून ठेवा. पण कर्ज मिळतंय म्हणून महागडं कॉलेज घेऊ नका.

आणि शेवटचं, जरा कडू आहे. पात्रता म्हणजे नोकरी नव्हे. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पश्चिम बंगालमधल्या २५,७५३ शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द ठरवल्या. कारण २०१६ च्या भरतीतच गैरप्रकार झाले होते. त्यात प्रामाणिकपणे पास झालेलेही होते. भरती आपल्या हातात नसते. म्हणून एकाच राज्याच्या एकाच भरतीवर घराची सगळी पुंजी लावू नका. नोकरी लावून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तर त्या वडिलांना उत्तर काय द्यायचं? "काका, आधी वर्ग ठरवा, मग मान्यता तपासा, मग फी विचारा." हा क्रम उलटा झाला की स्वस्त रस्ताही महाग पडतो.

आज रात्री एक काम करा. कागदावर तीन ओळी लिहा: कोणता वर्ग, कोणता अभ्यासक्रम, कोणती परीक्षा. तिन्ही एकमेकींशी जुळल्या, की मगच पैशाची पिशवी उघडा.