पास‘पोटा’चा प्रश्न!

पहिलीच परदेशवारी, बजेट टाइट आणि मोहन्याच्या नाक्यावर वडापाववर पोसलेलं पोट! तिकडे खायचं काय? नो टेन्शन. बॅग भरता भरता वाचा.

बचत आंबिवलीपासून!
लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथे मेट्रो थ्री पकडली की थेट विमानतळाचं टी-टू. ही सोय २०२४पासून आहे. टॅक्सीचे पैसे वाचले, सिंगापुरातली दोन-तीन जेवणं सुटली!

खसखस पिकेल, पण महागात!
अनारसा उलटून बघा. काय दिसतं? खसखस! दुबई आणि सिंगापूर, दोन्हीकडे तिच्यावर बंदी आहे. अनारसे घरीच संपवा.

खोबरं तापतं, बरं का!
माहीत आहे का? सुकं खोबरं त्यातल्या तेलामुळे आपोआप तापून पेट घेऊ शकतं. म्हणून विमान वाहतुकीत ते चक्क ‘धोकादायक माल’! डब्यात शेंगदाण्याची चटणी भरा.

पेढ्यांना व्हिसा नाही!
भारतातून ब्रिटनला दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. लंडनच्या मावशीला चिवडा द्या.

शंभर रुपयांत मिशेलिन!
२०१६मध्ये सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या एका साध्या स्टॉलला मिशेलिन स्टार मिळाला. तिथला चिकन राइस होता २ डॉलरला, म्हणजे तेव्हाचे साधारण शंभर रुपये! २०२१मध्ये स्टार गेला. पण अशा स्टॉलांनी गजबजलेल्या हॉकर सेंटरच्या संस्कृतीला त्याआधीच, २०२०मध्ये, युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली होती. शाकाहारी मंडळींनी लिटल इंडियातलं टेक्का सेंटर गाठावं.

रुमाल टाकला, सीट आपली!
हॉकर सेंटरच्या टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं, तर समजा टेबल ‘बुक’. आपल्या कसारा लोकलची आठवण आली ना? जेवल्यावर ट्रे मात्र उचलून ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. २०२१पासून तसा नियमच आहे. पहिल्यांदा ताकीद, पुन्हा चुकलात तर ३०० डॉलर!

बँकॉकमध्ये चातुर्मास!
पिवळा झेंडा, त्यावर लाल थाई अक्षर दिसलं की आत शिरा. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही. आणि चक्क कांदा-लसूणही नाही! आजी खूश.

लंडनमध्ये ‘वडा’ मान!
मंदीत नोकरी गेल्यावर मुंबईच्या कॉलेजातल्या दोन मित्रांनी २०१०मध्ये हाउन्स्लोत ‘श्री कृष्णा वडापाव’ सुरू केलं. आणि खिसा अगदीच रिकामा? साउथॉलच्या गुरुद्वारात लंगर आहे. डोकं झाका, पंगतीत बसा, पोटभर जेवा. बिल शून्य!

जाता जाता एक फंडा : गळ्यात ऑफिसचं आयकार्ड अडकवलेले लोक दुपारी जिथे रांग लावतात, तिथेच उभे राहा. रोज खाणाऱ्याला महागडं आणि बेचव परवडत नाही, मग ते गाव कुठलंही असो!