तबकडी : वीणेची पोथी

विजयादशमीला घरोघरी सरस्वतीचे पूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांनी देवीची आकृती काढावी, पोथ्या व ग्रंथ पाटावर मांडावेत, हळदकुंकू, झेंडूचे फूल आणि आपट्याचे पान वाहावे, ही आपली परंपरागत रीत. शारदेच्या हाती पुस्तक आहे, तशी वीणाही आहे. पुस्तकाची पूजा आपण निष्ठेने करतो. वीणेचा स्वर मात्र उमटताक्षणीच विरून जातो, त्याला पाटावर कसे बसवावे? परंतु गेल्या शतकात असे एक साधन घडले की ज्यात पुस्तक आणि वीणा एकत्र नांदली. माळ्यावरच्या ट्रंकेत धूळ खात पडलेली काळी तबकडी हीच ती वीणेची पोथी होय. तिचे खरे पूजन म्हणजे तिला इजा न करता तिच्यातील स्वर शुद्ध ऐकणे. ते कसे साधावे, याचा येथे थोडा विचार करू.

लाखेतील स्वर

ही तबकडी लाखेची असते. पळस, बोर, कुसुम अशा वृक्षांच्या फांद्यांवर एक सूक्ष्म कीटक जो राळेसारखा स्राव सोडतो, ती लाख, संस्कृतात लाक्षा. तिच्या बांगड्या सौभाग्यवतींच्या हाती शोभल्या, तिचा अलक्तक पायांवर रेखला गेला, आणि पांडवांना जाळण्यासाठी दुर्योधनाने वारणावतात गृह उभारविले तेही लाक्षेचेच. ज्या द्रव्यात दुष्टाने अग्नी दडविला, त्याच द्रव्यात पुढे मानवाने स्वर साठविला. दगडाची बारीक पूड आणि काजळी लाखेत मिसळून तबकड्या दाबल्या जात.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग याने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. आरंभी या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन येत. १९०८ मध्ये कोलकात्यात सियालदह येथे कारखाना निघाला. पुढे बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, हिराबाई बडोदेकर, द. वि. पलुस्कर यांचे कंठ या मार्गाने घरोघरी पोहोचले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे ३ मिनिटे मिळत. पूर्वरंग-उत्तररंगाला दोन-तीन तास घेणाऱ्या आम्हा कीर्तनकारांना तेवढ्या अवकाशात उभा केलेला अभंग ऐकताना संयम म्हणजे काय ते कळते.

उलटपक्षी, बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले १९२२ मध्ये निवर्तले; त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी वाचता येते, ऐकता येत नाही. आपल्या ट्रंकेतील एखादी तबकडी हीदेखील कोणा गायकाची अखेरची उरलेली खूण असू शकेल.

लेखनिकाची विनवणी

जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक वाचकाला विनवीत असे की, या पोथीला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जपा, आणि अजाणाच्या हाती तिला देऊ नका. ही चारही पथ्ये तबकडीला तंतोतंत लागू पडतात.

तेल म्हणजे बोटांचा चिकटपणा. तबकडी नेहमी कडेने आणि मधल्या कागदाच्या आधाराने धरावी. पाण्याचे पथ्य अधिक नाजूक आहे. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून मऊ फडक्याने खाचांच्या दिशेने पुसावे, मधला कागद भिजू देऊ नये आणि लगेच कोरडे करावे. स्पिरिट मात्र कदापि लावू नये, कारण लाख स्पिरिटात विरघळते आणि स्वर जागच्या जागी नष्ट होतो. बांधणीचे पथ्य असे की, तबकड्या एकावर एक न रचता वेष्टनात घालून उभ्या ठेवाव्यात, आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. उष्णतेने लाख वाकते.

सुईचा अधिकार

चौथे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. आज पुष्कळ घरांत नवे टर्नटेबल येत आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याला लावलेली सुई बहुधा लाँग प्ले तबकडीची असते. तिचे टोक सुमारे १८ मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अठरापट. लाखेच्या तबकडीची खाच कितीतरी रुंद असल्याने तिला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते. जेथे स्वर कोरलेला आहे त्या भिंतींना ती नीट भिडतच नाही.

आमच्या क्षेत्रातील एका घरी नातवाने हौसेने आजीला जुना अभंग ऐकविला. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, पत्र्यावर पाऊस पडतोय आणि पलीकडे कुणी गातंय, असं वाटतंय." पुढे त्याने योग्य सुई आणली. तीच तबकडी लागली आणि आजींनी न बोलता हात जोडले.

चावीच्या जुन्या ग्रामोफोनवरच ऐकावे, असे काही भाविकांना वाटते. त्या कर्ण्याची गोडी मान्य केली तरी त्याचा भार शंभर ग्रॅमहून अधिक असे आणि पोलादी पिन दर बाजूला बदलावी लागे. नव्या यंत्रावर योग्य सुईला तीन ते पाच ग्रॅम भार पुरतो. जीर्ण पोथीचे पान हळुवार उलटावे, तसेच हे आहे.

गती आणि पट्टी

टर्नटेबल मिनिटाला ७८ फेऱ्यांची गती देणारे आहे ना, हे आधी पाहावे. अनेकांत केवळ ३३ व ४५ याच गती असतात. आरंभीच्या काळातील सर्व तबकड्या नेमक्या ७८ च्या नाहीत. गतीत सुमारे साडेचार फेऱ्यांचा फरक पडला की स्वर अर्ध्या पट्टीने सरकतो, पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये ऐकू येतो. म्हणून गती थोडी कमीजास्त करता येईल असे यंत्र उत्तम. साथीच्या पेटीचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधोमध लोंबकळत असेल, तर गतीविषयी संशय घ्यावा.

आणखी दोन सूचना. लाखेच्या तबकडीतील स्वर सुईच्या आडव्या हालचालीत असतो, उभी हालचाल म्हणजे केवळ खरखर. म्हणून यंत्राची कळ 'मोनो'वर ठेवावी, म्हणजे ती खरखर बरीच मावळते. तसेच १९५४ पासून रूढ झालेली स्वरांची जी दुरुस्ती आजच्या प्रीअँप्लिफायरमध्ये अंगभूतच असते, ती जुन्या तबकड्यांसाठी नव्हे. तिच्यामुळे वरचे स्वर दबून गाणे कोंदट होते. ७८ ची वेगळी सोय असलेले साधन घ्यावे. नसल्यास वरच्या स्वरांची कळ थोडी वाढवावी.

एक प्रत करावी

पोथी टिकली ती केवळ जपल्याने नव्हे, तिच्या प्रती झाल्या म्हणून. तबकडी स्वच्छ करून, योग्य सुईने एकदा वाजवून, तिचे संगणकावर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. खरखर काढून टाकण्याचा मोह होईल. पण मूळ प्रत जशीच्या तशी राखून मगच दुसरीवर संस्कार करावेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीत पाठभेद फेकून दिले नाहीत, ते तळटीपांत जपले. खरखर पुसताना गायकाचा श्वास, जव्हारीची झार पुसली गेली, तर तो आपण केलेला प्रक्षेपच ठरेल.

यंदाच्या विजयादशमीला ती ट्रंक उघडावी. पोथीशेजारी एक तबकडी पाटावर ठेवावी, तिलाही एक फूल वाहावे आणि सायंकाळी सोने वाटून झाल्यावर घरच्या मुलांना जवळ बसवून ती ऐकवावी. शारदेच्या हातातील वीणा त्या तीन मिनिटांपुरती तरी आपल्या घरी वाजेल.