गिअर उशीर करत नाही

मुंबईत साकीनाक्याजवळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर माझ्या मित्राचा गाळा आहे. एमडीएफ आणि अ‍ॅक्रिलिक कापणारं राउटर मशीन, शेजारी जुनं लेथ आणि कोपऱ्यात धूळ बसू नये म्हणून कापड टाकलेला एक डेस्कटॉप कॉम्प्युटर. राउटर चालायचं ते या कॉम्प्युटरवर. त्याच्या पाठीला पंचवीस पिनांचा पॅरलल पोर्ट आहे, पूर्वी प्रिंटर जोडायचे तो. नव्या कॉम्प्युटरला हा पोर्ट येत नाही, म्हणून हा जुना जपायचा. मागच्या पावसाळ्यात त्याच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले, तेव्हा तसाच दुसरा बोर्ड मिळवायला लॅमिंग्टन रोडला दोन दिवस चकरा माराव्या लागल्या. मशीनच्या लोखंडाला काहीही झालेलं नव्हतं. स्पिंडल, बॉलस्क्रू, मोटरी, सगळं ठणठणीत. मशीन उभं होतं ते फक्त त्याला हुकूम देणाऱ्या डोक्यापायी.

मरोळ, साकीनाका, भांडुप, मुलुंड या पट्ट्यात अशी मशीनं पुष्कळ आहेत. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, अंधेरीत सीप्झ १९७३ साली आलं, आणि मोठ्या कारखान्यांच्या आधारानं जॉबवर्क करणारे छोटे गाळे वाढत गेले. आज त्यांतल्या बऱ्याच जागी काचेच्या इमारती आहेत, पण मागच्या गल्लीत कटिंग चालूच असतं. तिथल्या माणसाला कंट्रोलर बंद पडला की कंपनीचं कोटेशन येतं, आणि ते पाहून मशीन भंगारात काढायचा विचार सुरू होतो. त्याच वेळी कॉलेजात जाणारा त्याचा मुलगा तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय दाखवून विचारतो, "बाबा, हे लावलं तर?"

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क, सगळं एकाच पाटीवर असलेला हा कॉम्प्युटर २०१२ साली ३५ डॉलरना बाजारात आला. पुढच्याच वर्षी ४५ डॉलरचा बीगलबोन ब्लॅक आला. मशीन चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर तर त्याच्याही आधीपासून आहे. मग अडतं कुठे?

ज्यानं लेथवर आटे पाडलेत त्याला हे लवकर समजेल. लेथवर स्पिंडल आणि लीडस्क्रू यांच्यामध्ये चेंज गिअरची साखळी असते. स्पिंडलचा एक फेरा झाला की टूल नेमकं एका पिचएवढं सरकतं. वीज कमी-जास्त झाली, स्पिंडल मंदावलं, तरी आटा बिघडत नाही, कारण टूलही तेवढंच मंदावतं. दातात दात अडकलेला आहे. गिअर उशीर करत नाही. कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या सीएनसी मशीनमधून आपण हे गिअर काढले आणि त्यांच्या जागी वेळ बसवली. आता एक्स आणि वाय अक्षांना बांधून ठेवणारं लोखंड नाही. दोघांना ठरलेल्या क्षणी ठरलेला पल्स मिळतो, एवढ्यावरच वर्तुळ वर्तुळ राहतं.

तो क्षण किती बारीक असतो? साध्या स्टेपर मोटरचा एक फेरा २०० स्टेपांचा. ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेपिंग ठेवलं तर १,६०० पल्स. बॉलस्क्रूची पिच ५ मिलिमीटर असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात. मिनिटाला तीन मीटर फीड म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर, म्हणजेच सेकंदाला १६,००० पल्स. दोन पल्समधलं अंतर साधारण ६२ मायक्रोसेकंद, आणि मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आता कॉम्प्युटरनं मध्येच एक मिलिसेकंद दुसरीकडे लक्ष दिलं, वायफायचं पाकीट घेतलं किंवा स्क्रीन रंगवली, की सोळा पल्स अडकले. भरधाव मोटर असा हिसका सहन करत नाही. ती कण्हते, स्टेप गमावते, आणि तिथून पुढचं सगळं काम सरकलेलं निघतं. सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो, कारण मोटर खरोखर फिरली की नाही हे स्टेपर मोटर उलट सांगत नाही.

म्हणून इथे प्रोसेसर किती वेगवान आहे हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. सरासरी वेगाला काही किंमत नाही. विचारायचं ते हे, की वाईटात वाईट उशीर किती? दिवसातून एकदाच होत असला, तरी तो सर्वांत मोठा उशीर किती?

या प्रश्नावर सर्वांत जास्त काळ घासलेलं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे लिनक्ससीएनसी. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाच्या सरकारी संस्थेत. १९९० च्या दशकात तिथे 'एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर' नावानं हे काम सुरू झालं. सरकारी काम असल्यामुळे ते सर्वांसाठी खुलं झालं, आणि जगभरच्या यंत्रवेड्यांनी ते पुढे नेलं. २०११ साली त्याचं नाव लिनक्ससीएनसी झालं. त्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे 'हॅल' नावाचा थर. पॅनेलमध्ये वायरमन जसा एका टर्मिनलपासून दुसऱ्यापर्यंत तार ओढतो, तशा यात सॉफ्टवेअरच्या तारा ओढायच्या. लिमिट स्विचची पिन इथे, ती या सिग्नलला, तो सिग्नल होमिंगला. खाली पॅरलल पोर्ट असो की आणखी काही, वरच्या भागाला फरक पडत नाही. एखाद्या नव्या बोर्डाला 'सपोर्ट' देणं म्हणजे त्या बोर्डाच्या पिना या पॅनेलपर्यंत आणून देणं, आणि वेळेची हमी देणं. यातलं दुसरं काम अवघड.

बीगलबोनच्या चिपमध्ये मुख्य प्रोसेसरच्या शेजारी दोन छोटे प्रोसेसर आहेत, पीआरयू नावाचे. २०० मेगाहर्ट्झवर चालणारे. एक सूचना पाच नॅनोसेकंदांची. त्यांना लिनक्स माहीत नाही, वायफाय माहीत नाही, स्क्रीन माहीत नाही. पल्स देत राहायचं, बस्स. मोठा प्रोसेसर विचार करतो आणि हे दोघे ताल धरतात. या जोरावर लिनक्ससीएनसी आणि त्यातून फुटलेली मशीनकिट ही शाखा बीगलबोनवर चांगली चालली. रास्पबेरी पायला, निदान चौथ्या पिढीपर्यंत, असे तालधारी मिळालेले नाहीत. त्यामुळे पायच्या पिनांमधून थेट मोटर फिरवता येते, पण हळू. कायमच्या कामाला पाय फक्त डोकं म्हणून ठेवायचा, दर मिलिसेकंदाला त्यानं पुढचा हुकूम द्यायचा, आणि पल्स पाडायचं काम बाहेरच्या एफपीजीए कार्डाकडे (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणारी चिप) किंवा मायक्रोकंट्रोलरकडे सोपवायचं. थ्रीडी प्रिंटरच्या जगात क्लिपर हे सॉफ्टवेअर हेच करतं. हिशेब पायवर, टायमिंग प्रिंटरच्या बोर्डावर.

हीच कामाची वाटणी आपल्या शेजारी पवईत फार पूर्वी झालेली आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम' पुढे आणली. एका बोर्डावर स्टीलची पट्टी, तिला तापवणारी कॉइल, थंड करणारा पंखा, तापमानाचा सेन्सर आणि एक मायक्रोकंट्रोलर. पंखा किती, हीट किती, हा विचार कॉम्प्युटरवरचं सायलॅब हे मुक्त सॉफ्टवेअर करणार, आणि बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर फक्त हुकूम बजावून तापमान परत कळवणार. आराखडा खुला ठेवला, खर्च कमी ठेवला, आणि पुढे तर दूरच्या कॉलेजातला विद्यार्थी इंटरनेटवरून पवईतली पट्टी तापवू लागला. हे जमलं त्यामागे विषयाची हुशार निवड आहे. पट्टी तापायला काही सेकंद लागतात, त्यामुळे हुकूम थोडा उशिरा पोचला तरी ती वाट पाहते. राउटरचं टूल वाट पाहत नाही. पण कंट्रोल म्हणजे काय, हे लाखोंच्या उपकरणाशिवाय शिकवता येतं, हा धडा पवईनं घालून दिला, आणि तो आपल्या उपनगरातल्या आयटीआयच्या कार्यशाळांपर्यंत पोचायला हवा होता, असं मला फार वाटतं.

लिनक्सनंही दरम्यान स्वतःला सुधारलं. कुठलंही काम मध्येच थांबवून तातडीचं काम आधी घेण्याची सोय, प्रीएम्प्ट-आरटी, ही वीस वर्षं लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे मूळ कर्नेलच्या, बाहेर ठिगळासारखी जगत होती. थॉमस ग्लाइक्सनर आणि इतर मंडळी ती तुकड्यातुकड्यानं आत नेत राहिली, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ या कर्नेलमध्ये ती पूर्णपणे सामावली गेली. पायसारख्या ६४ बिट आर्म बोर्डांनाही तिचा लाभ आहे.

तरीही 'सपोर्ट आहे' या दोन शब्दांवर विसंबून काम घेऊ नका, असं मी प्रत्येक गाळेवाल्याला सांगतो. पायच्या पिनांचे मेमरीतले पत्ते पहिल्या पिढीत एक होते, दुसऱ्या-तिसऱ्यात वेगळे, चौथ्यात आणखी वेगळे. २०२३ च्या पाचव्या पायमध्ये तर पिना मुख्य चिपवरून निघून आरपी१ या वेगळ्या चिपवर गेल्या. पत्त्यावर थेट हात घालणारे जुने ड्रायव्हर त्या दिवशी निकामी झाले. कुणीतरी संध्याकाळी घरी बसून, पगाराशिवाय, नव्या चिपची कागदपत्रं वाचून ते पुन्हा लिहिले. दुकानात बोर्ड नवा दिसतो तेव्हा या माणसाचं काम पूर्ण झालंय का, हे आधी पाहायचं. मशीनसाठी वर्षभर जुना, पण रुळलेला बोर्ड घेणं शहाणपणाचं.

बाकीच्या अडचणी आपल्या ओळखीच्या आहेत. पायची पिन ३.३ व्होल्टची; ड्रायव्हर पाच मागतो, प्रॉक्सिमिटी स्विच चोवीसवर चालतो. चोवीस व्होल्ट चुकून पिनेवर गेले की बोर्ड गेला, म्हणून मध्ये ऑप्टोकपलर हवाच. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीची तार सिग्नलच्या तारेशेजारून नेली की मशीनला नसलेले लिमिट स्विच लागल्याचे भास होतात. आणि गाळा बंद करताना आपण सवयीनं मेन स्विच पाडतो. लेथला त्याचं काही नाही, पण एसडी कार्डावर लिहिणं चालू असेल तर सकाळी बोर्ड उठत नाही. एसएसडी लावावी किंवा कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवावं.

एका बाबतीत मात्र मी तडजोड ऐकून घेत नाही. लाल इमर्जन्सी बटण सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवायचं नाही. ते दाबलं की कॉन्टॅक्टर पडून मोटरी आणि स्पिंडलची वीज तुटलीच पाहिजे, बोर्ड जागा असो वा अडकलेला. बोर्डाला फक्त 'दाबलंय' एवढं कळवायचं. घरच्या घरी केलेल्या जोडणीचे अनेक फोटो मी पाहिले आहेत, ज्यात हे बटण थेट पायच्या पिनेला लावलेलं असतं. त्या मशीनवर उद्या कुणाचा तरी हात असणार आहे.

हे सगळं शिकवणार कोण? मुलुंड, बोरिवली, अंधेरीच्या आयटीआयमधून टर्नर, फिटर, इलेक्ट्रिशियन बाहेर पडतात. स्क्रूतला ढिलेपणा, बॅकलॅश, त्यांच्या बोटांना कळतो, पॅनेल वाचता येतं. म्हणजे निम्म्याहून जास्त काम येतं. राहतं ते लिनक्सचं, आणि तिथे इंग्रजी आडवी येते. पवईच्याच स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पानं लिनक्ससारखे विषय मराठी आवाजात आणून दाखवले आहेत. दहा मिनिटांची एक फीत, शेजारी करून पाहायचा सराव. याच पद्धतीनं हॅलच्या तारा, लेटन्सीची म्हणजे उशिराची चाचणी, ड्रायव्हरची जोडणी हे मराठीत यावं. फिटरनं ते ऐकत ऐकत मशीनपाशी उभं राहून करावं.

मित्राच्या गाळ्यात आम्ही शेवटी जुन्या कॉम्प्युटरच्या जागी चौथा पाय, आरटी कर्नेल आणि नेटवर्कच्या तारेनं जोडलेलं एफपीजीए कार्ड लावलं. मोटरी जोडण्याआधी लेटन्सीची चाचणी सुरू केली. ती चालू असताना बोर्डाला मुद्दाम छळायचं असतं. मित्राच्या मुलानं व्हिडिओ लावला, मोठ्या फाइली कॉपी केल्या, खिडक्या भराभर सरकवल्या, वरून लेथही चालू केलं. मग शटर ओढून आम्ही घरी गेलो आणि चाचणी रात्रभर चालू ठेवली. सकाळी मित्र आधी पोचला. त्यानं त्या रात्रीतला सर्वांत मोठा उशीर वाचला आणि मार्करनं बोर्डाच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवला, तारखेसकट. मग मला फोन केला, "आता मोटरी जोडू का?"